येळवशीच्या कोपऱ्यातला खड्डा

नांदेड

मराठवाड्यात कशाला चाललीस, तिथं बघण्यासारखं काय आहे, असं निघताना गल्लीतल्या प्रत्येकानं विचारलं. आम्ही कोल्हापूरकर. पंचगंगेपलीकडं जग आहे हे आम्ही नाकारत नाही, फक्त तिथं जेवणाचे हाल होतात अशी आमची पक्की समजूत असते. मलाही बघायचं असं काही नव्हतंच. नांदेडला बचत गटांचं प्रदर्शन भरत होतं आणि आमच्या गटाला स्टॉल मिळाला होता. मी चपला करणाऱ्या घरातली, आणि दिली तीही चपला करणाऱ्याच घरात. नवरा गेल्यापासून कारखाना मीच बघते. कारखाना म्हणजे मोठं काही समजू नका. एक खोली, कातडं कापायची रापी, टोचायची आरी, आणि कमावलेल्या कातड्याचा वास. त्या वासात मी वाढले, त्यामुळे मला तो येत नाही. बाकीच्यांना येतो, हे नांदेडला नव्यानं कळलं.

शेजारचा स्टॉल महादेवीचा होता. करडईचं तेल, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी. अहमदपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली ही लिंगायत बाई. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. पहिल्याच सकाळी तिनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, आक्का, तुमच्या वासानं माझी चटणी कुणी घेईना. मी म्हटलं, तुझ्या मसाल्यानं माझी गिऱ्हाइकं शिंकत पुढं निघून जातात त्याचं काय? दुपारपर्यंत आमचं जमलं. जेवायला आम्ही शेजारी बसलो. तिच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण होतं, माझ्यात खानावळीतलं सुकं मटण. ते बघून ती जराशी सरकून बसली, पण उठली नाही.

प्रदर्शन संपायच्या दिवशी तिनं माझी एक कानवाली चप्पल उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "आक्का, हे कातडं मेल्याल्या जनावराचं हाय का मारल्याल्या?"

सगळा जन्म या धंद्यात गेला, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गिऱ्हाईक विचारतं ती किंमत, आणि चप्पल करकर वाजेल का ते. म्हशीचं आहे, एवढंच मी सांगितलं. आमच्याकडं कमावलेलं कातडं येतं तेव्हा त्याला डोकं नसतं, पाय नसतात; ते जनावर कसं गेलं हे त्याच्यावरून कळत नाही. महादेवीनं चप्पल जागच्या जागी ठेवली आणि मला येळवशीचं आवतण दिलं.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्याकडं हिचं नावही कुणी ऐकलेलं नसतं. लातूर भागात मात्र त्या दिवशी गावं ओस पडतात. घरदार रानात जातं, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजतात. मग आंबील, भज्जी, उंडे असं जेवण आधी काळ्या आईला आणि नंतर येईल त्या माणसाला वाढतात. जेवणाचा विषय निघाला म्हटल्यावर मी परतीचं तिकीट बदलून घेतलं.

अर्धापूर

येळवशीला अजून अवकाश होता, म्हणून महादेवी मला आधी अर्धापूरला बहिणीकडं घेऊन गेली. तिथं जिकडं नजर जाईल तिकडं केळी. आमच्याकडं उसात शिरलं की दिशा चुकते, तशी इथं केळीत चुकते; वर आभाळ दिसत नाही आणि खाली पाऊल वाजत नाही. बहिणीनं कच्च्या केळ्याची भाजी केली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा मटण नसलेल्या जेवणाला दुसऱ्यांदा भाकरी मागितली, ही गोष्ट कोल्हापुरात कुणाला सांगू नका.

जेवणानंतर बाग बघायला गेलो. एका अंगाला केळीच्या ओळीच्या ओळी आडव्या पडल्या होत्या. मला वाटलं वारं झालं असेल. पण खालची माती नांगरल्यासारखी उकरलेली होती आणि कंद चावून टाकलेले होते. रानडुकरांचं काम, असं बागेचा राखण्या लक्ष्मण म्हणाला. हा उतारवयाचा, हडकुळा माणूस. नुकतीच परवानगी काढून त्यातलं एक डुक्कर मारलं होतं. मारल्यावर वनखात्याची माणसं आली, पंचनामा केला, खड्डा खणून डुक्कर त्यात टाकलं आणि वरून फिनाईल ओतलं. कुणी उकरून खाऊ नये म्हणून. लक्ष्मणनं ते आपल्या वस्तीसाठी मागितलं होतं. तुरुंगात जायचंय का, असं त्याला ऐकवण्यात आलं.

"आमच्या बापाच्या टायमाला डुक्कर पडलं की आख्खी वस्ती जेवायची," तो म्हणाला. "आता ते सरकारी डुक्कर हाय. जित्तं हाय तवर आमच्या केळी खातंय, मेलं की सरकारचं."

मी तिथल्या तिथं लक्ष्मणच्या बाजूची झाले. मारायचंच असेल तर मारा. पण मारून वर विष ओतायचं आणि खाणाऱ्या माणसाला हाकलून द्यायचं, हा कुठला न्याय? मी हे मोठ्यानं बोलले. गंमत म्हणजे महादेवीच्या बहिणीलाही ते पटलं, आणि तिच्या घरात कधी अंडंही शिजलेलं नाही. ती म्हणाली, आम्ही खात नाही, पण कुणी खाल्लं असतं तर मनाला तेवढं बरं वाटलं असतं. महादेवी मात्र केळीतून पुढं चालू लागली. तिच्या नवऱ्यानंही अशीच परवानगी काढली आहे, हे तिनं मला परतीच्या वाटेवर सांगितलं. डुकरासाठी नाही, रोह्यासाठी, म्हणजे नीलगायीसाठी.

अहमदपूरच्या अलीकडे

महादेवीचं गाव अहमदपूरच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला आहे. दारात तिची सासू उभी होती. तिला घरातले सगळे आव्वा म्हणतात, मीही आव्वाच म्हणू लागले. सुरकुतलेली, ताठ कण्याची बाई. शरणार्थ, असं म्हणून तिनं हात जोडले, मला पाणी दिलं आणि बस म्हणाली.

मी दोघींसाठी चपला आणल्या होत्या. हातपाय धुवायला गेले तेव्हा ती पिशवी मी सवयीनं समोरच्या फळीवर ठेवली. ती फळी देवघराची निघाली. आव्वानं पिशवी उचलली आणि बाहेर पडवीत नेऊन ठेवली. माझा चेहरा पडला. असल्या गोष्टींची आमच्या लोकांना सवय असते, पण सवय असली म्हणून टोचत नाही असं नाही. तेवढ्यात माझं लक्ष देवघरातल्या गुंडाळीकडं गेलं. कातडं बघून ओळखता येणार नाही अशी मी नव्हे. ते हरणाचं होतं, केस झडलेलं, कडेनं फाटलेलं. शिवरात्रीला स्वामी येतात ते त्याच्यावर बसतात, म्हणून ते पणजोबांपासून जपलेलं, असं महादेवी म्हणाली. म्हणजे माझं कातडं पडवीत आणि ह्यांचं देवघरात. मी तसं बोलूनही दाखवलं. महादेवी ओशाळली. आव्वा मात्र शांतपणे म्हणाली, "त्याच्यावर बसतेत. तुमचं पायात घालतेत." मग तिनं पडवीतली पिशवी उघडून चप्पल पायात सरकवली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि बरी हाय म्हणाली. त्या बाईवर रागवायचं की तिच्या पाया पडायचं, हे मला तिथं असेपर्यंत ठरवता आलं नाही.

संध्याकाळी तिचा मुलगा, म्हणजे महादेवीचा नवरा शिवराज, रान दाखवायला घेऊन गेला. गेल्या वर्षी त्याच्या मोटरसायकलपुढं रोही आडवा आला आणि मांडीचं हाड मोडलं; तेव्हापासून तो पाय ओढत चालतो. पण त्याचा राग त्यानं धरला नव्हता. रस्ता काय आपल्याच बापाचा हाय का, असं तो हसून म्हणाला. हरभऱ्यापाशी आल्यावर मात्र त्याचं हसणं संपलं. अर्धं रान खुडल्यासारखं बुटकं होतं. उरलेल्या अर्ध्यात घाटे धरले होते.

"आधी साड्या बांधलो, मग भोंगा लावलो, मग मीच मचाणावर झोपलो," तो सांगत होता. "त्यानला समदं कळून राहिलंय आक्का. भोंग्याखाली उभारून खातेत. गेल्या साली घरी खायापुरता बी हरभरा आला न्हाई. औंदा बी तसंच झालं तर रान पडीक टाकावं लागंल."

परवानगीची मुदत जवळ आली होती आणि येळवशीला सगळी माणसं रानात असतात, गोळी झाडता येत नाही. म्हणून अहमदपूरचा परवान्याचा बंदूकवाला दुसऱ्या दिवशी, म्हणजे येळवशीच्या आदल्याच दिवशी येणार होता.

आदला दिवस

सकाळी आम्ही घरी उंड्यांचं पीठ मळत होतो. बाजरीला इथं सजगुरा म्हणतात. त्याचे मुठीएवढे गोळे वाफवायचे, म्हणजे उंडे. भज्जीसाठी वाल, मटार, तुरीचे ओले दाणे सोलून ठेवलेले होते. कोपऱ्यातल्या मडक्यात आंबील झाकून ठेवली होती. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबवतात, ती ही आंबील, आणि ती फक्त आव्वाच करते. इतक्यात रानाकडून बार ऐकू आला. आव्वाचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. महादेवीनं डोळे मिटून डबीतल्या लिंगाला हात लावला.

मी रानात गेले. जायला नको होतं असं आता वाटतं, पण कातड्याची माणसं आम्ही, पाय ओढले गेले. ओढ्याच्या अलीकडं रोही पडला होता. मोठा नर, राखेवर निळसर झाक मारावी तसा रंग, गळ्याखाली पांढरा डाग, खुरांच्या वर पांढरी कडी. तोंडात हरभऱ्याची डहाळी तशीच होती. मी वाकून मानेवर हात ठेवला. अजून गरम होती. मानेचं कातडं म्हशीच्याही वरचढ निघालं. जाड, घट्ट, एकसारखं. माझ्या मनानं लगेच त्याचे तळ कापायला सुरुवात केली, मानेचा भाग टाचेला, पाठीचा पट्ट्याला, पोटाचा चपलेवरच्या वेणीला. लाज वाटली, पण मन थांबलं नाही.

वनखात्याची माणसं आली. त्यांच्यात वनरक्षक म्हणून एक तरुण मुलगी होती. सगळे तिला मॅडम म्हणत होते. तिनं मोजमाप घेतलं, फोटो काढले, आणि मग कोयता मागवून स्वतःच्या हातानं त्या कातड्यावर आडवेतिडवे चिरे मारायला लागली. मला बघवेना. अहो, हे काय करताय, असं मी पुढं होऊन विचारलं. कुणी उकरून कातडं काढू नये म्हणून, असं ती म्हणाली. मग मी सगळंच बोलले. अर्धापूरच्या लक्ष्मणचं सांगितलं, आमच्याकडं चांगलं कातडं मिळेनासं झालंय ते सांगितलं, जनावर मेलंच आहे तर निदान त्याचं चीज होऊ द्या म्हटलं.

तिनं कोयता खाली ठेवला आणि घाम पुसला. चिडली नाही. "ताई, आज ह्याला मारतेत ते हरभऱ्यापायी," ती म्हणाली. "उद्या तुम्ही कातड्याचं गिऱ्हाईक झालात, की हरभरा नसला तरी मारतील. मग मला परवानगीचा कागद दाखवतील आणि मी काय ओळखणार?"

मी म्हटलं, म्हशीच्या कातड्याचं मग कसं चालतं?

"म्हशीला मालक असतो, दावं असतं, तिला रोज कुणी पाणी दाखवतं. ह्याचं कुणीच न्हाई. म्हणून आम्ही हावोत."

मी तोंड फिरवून उभी राहिले. पुरायला जागा कुठं, असं मॅडमनं विचारलं. शिवराजनं इकडंतिकडं पाहिलं. एका बाजूला ज्वारी उभी, दुसरीकडं हरभरा, मध्ये तूर. सगळ्या रानात न पेरलेला असा एकच तुकडा होता, बांधालगतचा कोपरा, आपट्याच्या झाडाखालचा. त्यानं तिकडं बोट दाखवलं. जेसीबी आला, खड्डा झाला, चौघांनी रोह्याला पायानं ढकललं. वरून मीठ आणि फिनाईल पडलं. चहाला सगळे घरी आले, तेव्हा महादेवीनं आधी धावत जाऊन, आतलं हरणाचं कातडं दिसू नये म्हणून, देवघराचा पडदा ओढून घेतला. मला तेव्हा हसू आलं होतं.

दुपारनंतर आव्वा चुन्याची वाटी घेऊन रानात निघाली, मी तिच्याबरोबर गेले. पांडवांचे दगड धुऊन त्यांना चुना लावून ठेवायचा, म्हणजे सकाळी घाई होत नाही. ती थेट बांधालगतच्या कोपऱ्यात गेली आणि ताज्या मातीपुढं उभी राहिली. फिनाईलचा वास सुटला होता. तेव्हा मला कळलं की दरवर्षीची कोप याच कोपऱ्यात उभी राहते. पेरत नाहीत ते त्याचसाठी. शिवराज तिथंच लहानाचा मोठा झालेला, पण पुरायची घाई, मॅडम समोर उभ्या, आणि रिकामा दिसला तो कोपरा त्यानं दाखवून दिला. चुन्याची वाटी तशीच घेऊन आव्वा घरी परतली, आणि औंदा आपली येळवस न्हाई, असं तिनं महादेवीला सांगितलं.

त्या घराची येळवस कधी चुकली नव्हती. सासरा गेला त्या साली नाही, भूकंपाच्या साली नाही. महादेवी मला हे सांगताना रडत होती. सगळा स्वयंपाक अर्धा झालेला, चुलीवर पातेली तशीच. दिवेलागणीला शिवराज आईपुढं येऊन बसला. त्यानं दुसरीकडं ज्वारीच्या चार ओळी काढून कोप करतो म्हटलं. खड्डा उकरून ओढ्यापलीकडं नेतो म्हटलं.

"मी काय शौकानं केलो का आव्वा?" शेवटी तो म्हणाला.

"न्हाई रं. मारला म्हून मी काय म्हणलं का तुला? रान राखायाच पायजे." तिचा आवाज चढला नव्हता. "आपल्यात माणूस पुरतेत, तवा बसवून पुरतेत. इभूती लावून, फूल वाहून. ह्याला लाथा घालून ढकलला. त्याच भुईवर उद्या मी पांडव मांडू? तिला आंबील पाज म्हणू?"

इथं मी मध्ये पडले. न पडणं मला जमत नाही. मी म्हटलं, आव्वा, माझं म्हणणं तेच आहे, तो वाया घालवला. आमच्या घरात म्हणतात, कातडं कामी आलं की जनावराचं सोनं झालं. खाल्लं असतं, वापरलं असतं, तर त्याच्या मरणाला काही अर्थ राहिला असता.

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

"तुमी कातडं वापरता, बरं करता," ती म्हणाली. "पर वाया गेलं का कामाला आलं, ह्यो इच्यार आपला. त्याला काय त्याचं? त्याला मरायाच न्हवतं."

लक्ष्मणची भूक खरी होती, मॅडमचं भय खरं होतं, माझी तळमळही खोटी नव्हती. पण या सगळ्यात आमचं आम्हीच बोलत होतो. मला माझ्या घराचं ते सोन्याचं वाक्य फार आवडायचं. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा मला आमच्याच सोयीचं वाटलं.

येळवस

सकाळी उठले तर आव्वा न्हाऊन, विभूती लावून तयार होती. आंबिलीचं मडकं तिनं स्वतः डोक्यावर घेतलं आणि कुणाला काही न सांगता निघाली. मागं महादेवी टोपली घेऊन, तिच्यामागं पाय ओढत शिवराज, आणि सगळ्यात शेवटी मी. वाटेत गाड्या, ट्रॅक्टर, नव्या लुगड्यातल्या बायका. जो तो आमच्या रानात या म्हणत होता. आव्वा हात जोडून पुढं जात राहिली.

कोपऱ्यात पोचल्यावर ती खड्ड्याच्या मातीपाशी बसली. शिवराजला जवळ बोलावून विभूतीची वडी त्याच्या हातात दिली. लाव, म्हणाली. तो थबकला. एवढा मोठा माणूस, पण त्याला खाली बसणं जमेना, पायामुळं की कशामुळं कोण जाणे. महादेवीनं आधार दिला. त्यानं वाकून त्या मातीवर तीन बोटं ओढली. आव्वानं द्रोणात आंबील घेतली, एक उंडा ठेवला, वर भज्जी घातली, आणि द्रोण मातीवर उपडा केला.

"येळवशीला रानात आल्यालं कुणी उपाशी जाऊ नये," ती म्हणाली. "ह्यो बी हितं जेवायाच आल्ता."

शिवराज रडला. आवाज न करता, मान खाली घालून. मीही रडले, मला कारण सांगता येणार नाही आणि सांगायचंही नाही. आव्वानं पळी माझ्यापुढं धरली. कोल्हापूरच्या आक्का, तुमीबी घाला, तुमचा लई जनावरांशी संबंध, असं ती म्हणाली. मी घातली. माझ्या रापीखालून एवढी कातडी गेली, त्यांतल्या एकालाही घोटभर पाणी द्यावं असं कधी मनात आलं नव्हतं. आंबील मातीत लगेच मुरली.

मग तिथंच, दोन हात बाजूला, कोप उभी राहिली. पाच दगडांना चुना लागला. शिवराज आंबिलीचं भांडं घेऊन रानाला फेरी घालू लागला, पळसाच्या डहाळीनं पिकावर शिंपडत, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" अशी आरोळी देत. ती कानडी आहे म्हणतात. अर्थ तिथं प्रत्येकानं मला वेगळा सांगितला. आजूबाजूच्या रानांतूनही तीच आरोळी येत होती. जेवायला शेजारची माणसं आली, वाटेनं जाणारी ओढून आणली गेली. दुपारी खड्डा कुणी उकरला नाही ना, हे बघायला वनरक्षक मॅडम आल्या. त्यांनी मातीवरचा उपडा द्रोण आणि विभूतीचे पट्टे पाहिले, आणि पंगतीत बसून उंडा मागून घेतला. भज्जी आंबटसर, दाट, कोवळ्या दाण्यांची. ती कशी लागते हे मला सांगता येणार नाही, कारण आमच्याकडं तिच्यासारखं काही नाही. मी तीनदा घेतली.

दिवस कलला तशी माणसं पांगली. शिवराजनं कडब्याचा हेंडगा पेटवला. ही मशाल घेऊन सूर्य बुडताना रानाभोवती फिरायचं असतं, म्हणजे पिकावरची कीड-पीडा जाते. तो बांधानं एक फेरी मारून आला तेव्हा ओढ्यापलीकडं टेकाडावर रोही उभे होते, माणसं घरी कधी जातात याची वाट बघत. तांबूस माद्या, एक वाढता नर. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि कुणी हाकललं नाही.

आव्वा रिकाम्या मडक्याला फडकं बांधत होती. खाली बघतच तिनं विचारलं, "मुदत सरली का रं परवानगीची?"

"न्हाई आव्वा. हाय अजून."

"परत मारायाचा हाय?"

शिवराजनं हरभऱ्याच्या उरलेल्या अर्ध्या रानाकडं पाहिलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. माझी तर खात्री होती, आजच्या दिवशी तो बोलेलच. पण तो हाव म्हणाला.

मला वाटलं, आता ही बाई मडकं फोडते की काय. तिनं फडक्याची गाठ घट्ट केली, मडकं डोक्यावर घेतलं आणि घराकडं चालू लागली. दोन पावलं गेल्यावर ती त्याच्याकडं वळली.

"मंग दोन दिस आदी सांगत जा मला. आंबील एका दिसात आंबत न्हाई."